धावत्या पावलांचे पायताण

भोपाळच्या मोठ्या तलावाच्या काठाने, बोट क्लबावरून श्यामला टेकडीचा पायथा धरून वनविहाराच्या दरवाजातून आत जाणाऱ्या रस्त्यावर पहाटेच्या प्रहरी धावणाऱ्या स्त्रीपुरुषांची जी वर्दळ अलीकडे दिसू लागली आहे, तिच्यात मराठी मंडळीही पुष्कळ असतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात येऊन नागपूरची सरकारी दफ्तरे इकडे हलविण्यात आली, तेव्हा त्या दफ्तरांबरोबर आलेल्या कारकुनांची ही नातवंडे. तात्या टोपे नगरच्या क्रीडांगणावर किंवा केरवा धरणाच्या रस्त्यावर ही मंडळी एकमेकांना भेटली म्हणजे संभाषणाचा विषय बहुधा ठरलेला असतो: दहा-पंधरा किलोमीटर धावावयाचे तर पायात काय घालावे, तळ किती जाड असावा, मोजे सुती बरे की लोकरीचे, आणि करंगळीच्या कडेला वारंवार येणारा फोड कशाने टळेल. वरवर पाहता हा प्रश्न बाजाराने निर्माण केलेला आणि एका पिढीहून जुना नसलेला वाटतो. परंतु लांबचा पल्ला पायी तोडणारा मनुष्य आणि त्याचे पायताण यांचा संबंध या मुलखाला फार पूर्वीपासून परिचित आहे, आणि तो इतिहास ध्यानी घेतल्याविना आजच्या निवडीचे मर्म उमगत नाही, असे माझे मत आहे.

१७३७ च्या डिसेंबरात बाजीरावाने निजामाला याच भोपाळच्या परिसरात कोंडले आणि पुढच्या जानेवारीत दुराई-सराईचा तह पदरात पाडून घेतला, ही हकीकत शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु त्या मोहिमेचा वृत्तान्त चिमाजीआप्पांपर्यंत पोहोचला तो ज्या डाकेने, तिच्यात राबणाऱ्या जासुदांचा आणि कासिदांचा उल्लेख क्वचितच कोणी करतो. मराठी दफ्तरांत जासूद बहुधा जोडीने निघतात, म्हणजे एकाला ज्वर आला किंवा वाटेतील चौकीवर अटकाव झाला तर दुसऱ्याने कागद पुढे न्यावा. आणि अजूरदार जासुदाच्या हाती दिलेल्या पत्रात त्याची मुदत व त्याला द्यावयाचा अजुरा यांचा निर्देश असतो, जेणेकरून पत्र पावणाऱ्याने दिवस मोजूनच त्याची मजुरी चुकती करावी. वेळ लावून धावण्याचा प्रघात आपल्याकडे विलायतेतून आला असे समजणाऱ्यांनी हे कागद अवश्य पाहावेत. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी जो सर्वनाश ओढवला त्याची वार्ता नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडली ती भोपाळपासून अवघ्या पन्नास-पंचावन्न किलोमीटरांवरील भेलशाच्या, म्हणजे आजच्या विदिशेच्या मुक्कामी, २४ जानेवारीस, दक्षिणेकडे निघालेल्या एका सावकारी कासिदाजवळच्या सांकेतिक पत्रातून. दिल्लीहून विदिशा आज लोहमार्गाने सुमारे साडेसहाशे किलोमीटर आहे आणि पानिपत दिल्लीच्याही उत्तरेस नव्वद किलोमीटर. म्हणजे ऐन थंडीत, चंबळेची खोरी ओलांडून, त्या पत्राने दररोज सत्तर किलोमीटरांहून अधिक मजल मारली होती.

कंपनी सरकारच्या अमलात हीच डाक टप्प्यांवर बांधली गेली आणि खांद्यावर थैली व हाती घुंगरांची काठी घेतलेला हरकारा आपल्या ठराविक टप्प्यापुरता धावू लागला. भोपाळ संस्थानाची तर स्वतंत्र डाक होती. शाहजहान बेगमांच्या कारकिर्दीत, १८७० नंतरच्या दशकात, संस्थानाने आपली तिकिटे छापली, आणि १९०८ साली ती डाक साम्राज्य सरकारच्या डाकखात्यात विलीन झाली. धावणे हे पोटाचे साधन असलेल्या माणसांची परंपरा रेल्वे आणि तारायंत्र आल्यावर आटत गेली खरी, पण मोटार न पोहोचणाऱ्या डोंगराळ भागांत ती विसाव्या शतकातही टिकून होती.

ही माणसे अनवाणी धावत असतील तर ती काही या देशात जोडे नव्हते म्हणून नव्हे. जोडे होते, आणि उत्तम होते. दक्षिणेतला जाड तळाचा जोडा, वहाण, कोल्हापूर-बेळगावाकडची चप्पल, उत्तरेकडची चोचदार जूती, हे सारे प्रकार झाडांच्या साली व फळे यांच्या अर्काने कमावलेल्या कातड्याचे, काट्याकुट्यांतून आणि तापलेल्या मातीतून चालण्यास योग्य असे होते. जूतीला उजवा-डावा असा भेद नसे. नवा जोडा आठ-पंधरा दिवस चावे, मग तेल पिऊन मऊ पडे आणि ज्या पायात जाई त्या पायाचा आकार धारण करी. युरोपातही एकोणिसाव्या शतकापर्यंत सरळ बेतलेले जोडे सर्रास असत, तेव्हा यात मागासलेपण मानण्याचे कारण नाही. शिवाय गावचा चांभार गिऱ्हाइकाचे पाऊल प्रत्यक्ष पाहून, चवडा व टाच हाताने चाचपून काम करीत असल्यामुळे माप चुकण्याचा संभव कमी असे. तथापि धावण्याच्या दृष्टीने या पायताणात एक मूलभूत वैगुण्य होते: टाच मोकळी राही. चालताना ते सोयीचे. पण वेग वाढला की पायताण निसटू नये म्हणून प्रत्येक पावलाला बोटे आवळावी लागतात, पोटरी व तळव्याचे स्नायू विनाकारण थकतात, आणि टणक तळ चवड्याशी वाकत नसल्यामुळे पाऊल उचलताना टाच सुटी पडते. म्हणून ज्याला वेगाने जावयाचे आहे तो मनुष्य वहाणा काढून हातात घेई. आजही खेड्यात कोणी हाकेसरशी धावत निघाला की तो हेच करतो.

येथे एक गोष्ट सांगणे मला कर्तव्य वाटते. ज्या हातांनी हे जोडे घडविले ते हात गावाने वेशीबाहेर ठेवले, आणि कित्येक ठिकाणी त्या हातांच्या धन्यांना स्वतः घडविलेला जोडा पायात घालून वरिष्ठांच्या दारावरून जाण्याचीही मुभा नव्हती. पायताण हे आपल्या समाजात दीर्घकाळपर्यंत पायाच्या रक्षणापेक्षा मानापमानाचे चिन्ह म्हणून अधिक वावरले. दरबारात जोडे बाहेर काढून जाण्याचा शिष्टाचार तर होताच. १८५४ साली इंग्रज सरकारने विलायती धर्तीचे बूट घालणाऱ्या नेटिव सद्गृहस्थांना ते पायात ठेवून दरबारी समारंभांत येण्याची परवानगी दिली, मात्र देशी जोडा बाहेरच राहिला. बूट आणि मोजे आपल्या शिक्षित वर्गाच्या पायांत शिरले ते येणेप्रमाणे कचेरीच्या आणि प्रतिष्ठेच्या वाटेने; मैदानाशी त्यांचा संबंध जडण्यास अजून अवकाश होता.

तो संबंध जडला पुण्यात. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याच्या १९१९ सालच्या मैदानी सामन्यांस अध्यक्ष या नात्याने सर दोराबजी टाटा उपस्थित होते. त्या सामन्यांतील मुख्य शर्यत सुमारे पंचवीस मैलांची होती, आणि तीत उतरलेले बहुतेक तरुण शेतकरी कुटुंबांतले, रूक्ष अन्नावर वाढलेले, पद्धतशीर शिक्षणाचा गंध नसलेले आणि खडीच्या टणक रस्त्यावर अनवाणी धावणारे असे होते. दोराबजींनी त्यांच्या वेळा पाहिल्या आणि युरोपातील धावपटूंच्या वेळांशी त्या तोलून पाहता येतील असे त्यांच्या ध्यानात आले. हे सारे त्यांनी पुढे १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात नमूद करून ठेवले आहे. या एका अवलोकनातून हिंदुस्थानचा पहिला ऑलिम्पिक संघ उभा राहिला. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकसाठी निघालेल्या त्या सहा जणांत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे मॅरेथॉनसाठी निवडले गेले होते.

२२ ऑगस्ट १९२० चा तो दिवस अँटवर्पमध्ये थंड आणि पावसाळी होता. शर्यतीचे अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या प्रमाणित अंतराहून अर्ध्या किलोमीटराहून अधिक. फिनलंडच्या हानेस कोलेहमाइनेनने ती २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत जिंकली. दातारांना ती पुरी करता आली नाही. आणि चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. दख्खनच्या उन्हात टणकलेले शरीर, प्रथमच पाहिलेला परका देश, ओले दगडी रस्ते, आणि ज्या अंतराची परंपरा आपल्याकडे डाकेच्या थैलीत संपली होती त्या अंतरावर जगातील निवडक धावपटूंशी झुंज! हे एकोणिसावे स्थान माझ्या लेखी आपल्या क्रीडेतिहासातील थोर घटनांपैकी एक आहे, आणि चौगुल्यांचे नाव बेळगावाबाहेर आज फारसे कोणी घेत नाही याचा मला मनःपूर्वक विषाद वाटतो. ज्या बेळगाव जिल्ह्यातले अथणी आणि निपाणी हे भाग कोल्हापुरी चपलांच्या धंद्यासाठी प्रसिद्ध आहेत, त्याच जिल्ह्याच्या पुत्राला धावण्यासाठी देशी कारागिराकडे जोडा नव्हता. अडचण कौशल्याची नव्हती. धावणाऱ्याची गरज काय असते हे त्या कारागिराला विचारणारा कोणी भेटला नव्हता.

ही अडचण सुटू शकत होती याचे प्रमाण त्याच शर्यतीत सापडते. चौगुल्यांच्या पुढे तीन स्थाने, म्हणजे सोळावा, आलेला जपानचा शिझो कानागुरी हा १९१२ साली स्टॉकहोमला धावला होता तो ताबी घालून; ताबी म्हणजे अंगठा व उरलेली बोटे यांत दुभाग असलेले, कापडाचे जपानी पादत्राण. स्टॉकहोमच्या असह्य उष्म्यात तो वाटेतच कोसळला. परंतु त्याने परत गेल्यावर ताबी टाकून दिली नाही. टोकियोतील हारिमाया या ताबीच्या दुकानाच्या धन्याशी विचारविनिमय करून त्याने तिला रबरी तळ लावविला, तिची बांधणी सुधारली, आणि या सुधारित ताबीला त्याचेच नाव मिळाले. त्याच घराण्यातले पादत्राण घालून हिरोशिमाच्या शिगेकी तानाकाने १९५१ ची बोस्टन मॅरेथॉन २ तास २७ मिनिटे ४५ सेकंदांत जिंकली. धावपटू आणि कारागीर एका बैठकीत बसले की परंपरागत वस्तूलाही नवा जन्म मिळतो. आमच्याकडे ही बैठक जमली नाही, कारण धावणारा आणि जोडा घडविणारा यांच्यामध्ये जातीची भिंत आणि दारिद्र्याची खाई अशी दोन्ही उभी होती.

मध्यंतरी बाहेरून दुसराच जिन्नस आला होता. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याने गंधकाच्या योगे रबर टिकाऊ करण्याच्या कृतीचा मक्ता १८४४ साली मिळविला, आणि त्यानंतर इंग्लंडात कापडाचे वरचे अंग व रबराचा तळ असलेले स्वस्त बूट निघाले. आपल्या देशात ते सर्वत्र पसरले ते १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्याजवळ बाटानगर वसल्यावर. कॅनव्हासचे ते बूट शनिवारच्या कवायतीसाठी पांढऱ्या खडूने रंगवून, उन्हात वाळवून घालणाऱ्या पिढ्या भोपाळपासून बेळगावापर्यंत झाल्या. पोलीस भरतीची दौड, शाळेची शर्यत, आंतरविद्यापीठ सामने, सारे काही त्यांच्यावरच झाले. त्यांचा तळ पातळ आणि लवचिक असल्यामुळे पावलाची स्वाभाविक हालचाल बिघडत नसे, हा त्यांचा गुण दुर्लक्षिला जातो. परंतु घाम व पाऊस शोषून ते जड होत, आत सुती मोजा भिजून गोळा होई, आणि आठ-दहा किलोमीटरांनंतर टाचेवर किंवा अंगठ्याच्या बुडाशी फोड ठरलेला असे. त्यामुळे चांगले धावणारे कित्येक गडी शर्यतीच्या दिवशी ते काढूनच ठेवीत. १९७८ साली जालंधरला २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन धावून अनेक दशके अढळ राहिलेला राष्ट्रीय विक्रम करणारे शिवनाथ सिंह हे अनवाणी धावण्यासाठीच प्रसिद्ध होते. आणि नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत, जिने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरांत कांस्यपदक मिळविले, तिच्याही धावण्याचा आरंभ डोंगरवाटांवर अनवाणीच झाला.

जगाने अनवाणी धावण्याची थोरवी मान्य केली ती अबेबे बिकिलामुळे. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये या इथिओपियन सैनिकाला देऊ केलेले बूट पायाला नीट बसेनात, आणि सराव तर त्याने अनवाणी केलेलाच होता. तेव्हा तो तसाच धावला आणि २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंदांत जिंकला. हे उदाहरण सर्वजण सांगतात. पण चार वर्षांनी टोकियोत हाच मनुष्य बूट आणि पांढरे मोजे घालून धावला आणि २ तास १२ मिनिटे ११.२ सेकंदांत पुन्हा जिंकला, हा उत्तरार्ध तितकाच महत्त्वाचा असून तो सहसा सांगितला जात नाही. दोन्ही वेळी निर्णय पायाने दिला. बसत नाही ते टाकले, बसले ते घेतले.

१९७० नंतरच्या दशकात टाचेखाली फेसाळ कृत्रिम द्रव्याचा थर घालण्याची युक्ती निघाली आणि आजचा धावण्याचा बूट जन्मास आला. त्या थरातील सूक्ष्म हवेच्या कप्प्यांमुळे आघात मंदावतो. पण तेच कप्पे हजारो पावलांनी चेपत जातात, म्हणून साधारणतः पाचशे ते आठशे किलोमीटरांनंतर बूट वरून नवा दिसला तरी आतून निकामी झालेला असतो. पुढे तळाची उंची इतकी वाढत गेली की २०२० साली जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरील शर्यतींसाठी ४० मिलिमीटरांची मर्यादा घालावी लागली. याच काळात दुकानदारांनी पायाचे तीन वर्ग पाडून, सपाट तळव्याला अमुक बूट आणि उंच कमानीला तमुक बूट, असे शास्त्र प्रचलित केले. अमेरिकेच्या भूदलात, हवाई दलात आणि मरीन सैन्यात नव्या रंगरुटांवर त्याची परीक्षा झाली, आणि तळव्याच्या आकारावरून बूट नेमून दिल्याने दुखापती घटत नाहीत असे तिन्हींकडे आढळले. उलट कॅलगरीचे संशोधक बेनो निग आणि त्यांचे सहकारी यांनी २०१५ साली असे प्रतिपादिले की, जो बूट घालून धावताना पायाला सुख वाटते तोच धावणाऱ्याने निवडावा. शरीराला आपले हित कळते.

आमच्या पायांविषयी याहून जवळचा पुरावा अँटवर्पमधूनच आला, हा योग विलक्षण आहे. तेथील विद्यापीठाच्या संशोधकांनी दक्षिण भारतातील जन्मभर अनवाणी चालणाऱ्या लोकांची पावले मोजली आणि २००९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले की, त्यांचा चवडा बूट वापरणाऱ्यांच्या मानाने रुंद असतो आणि चालताना भार तळव्यावर अधिक समप्रमाणात विभागला जातो. तत्पूर्वी, १९९२ साली, कर्नाटकाच्या किनारपट्टीवरील २३०० मुलांच्या पाहणीत जोडे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचे प्रमाण ८.६ टक्के आणि अनवाणी मुलांत २.८ टक्के भरले होते. ज्यांचे बालपण चपलेत किंवा अनवाणी गेले अशा आपल्याकडील असंख्य माणसांना विलायती फर्म्यावर बेतलेला अरुंद बूट का चावतो, याचा उलगडा येथे होतो. त्यांनी लांबीचा आकडा वाढवून घेतला तर टाच सैल पडते आणि बूट पुढे-मागे सरकू लागतो. त्यांना लांबी तीच ठेवून रुंद चवड्याचा बूट हवा असतो, आणि तो मागितल्याखेरीज दुकानदार पुढे ठेवीत नाही.

म्हणून न्यू मार्केटातल्या दुकानी बूट घ्यावयास जाणाऱ्याने संध्याकाळी जावे, कारण दिवसभराच्या राबत्याने आणि उष्म्याने पाऊल किंचित फुगलेले असते आणि धावताना ते तसेच फुगते. ज्या मोज्यावर धावावयाचे तोच मोजा घालून, बसून नव्हे तर उभे राहून पाहावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी, नाही तर उताराच्या रस्त्यावर नखे काळी पडतात, आणि भोपाळात उतार थोडे नाहीत. बूट चवड्याशी वाकावा, मध्यभागी नव्हे. टाच उचलली असता ती आत घट्ट राहावी. मग दुकानाबाहेर थोडे धावून पाहावे, आणि ज्या दुकानदाराला हे रुचत नाही त्याचे दुकान सोडावे. गावचा चांभार पाऊल हाताने चाचपत असे; आता ते काम धावणाऱ्याला स्वतःच करावयाचे आहे.

मोज्याकडे मात्र आपल्याकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. विल्यम ली याने इंग्लंडात १५८९ साली मोजे विणण्याचे यंत्र केले तेव्हापासून मोज्याची घडण पायाच्या आकाराला अनुसरत आली आहे, आणि तरीही बाजारात एकाच मापाचे, टाच कोठेही येणारे सुती मोजे जोडीवर जोडी विकले जातात. फोड कसा येतो हे समजले की निवड सोपी होते. धावताना आतील हाडे पुढे-मागे सरकतात आणि वरची त्वचा मोज्याला चिकटून राहते. या ओढाताणीत त्वचेचे थर एकमेकांपासून सुटतात आणि त्या पोकळीत पाणी भरते. ओलसर त्वचा कोरडीपेक्षा अधिक चिकटते. कापूस घाम शोषतो खरा, पण सोडीत नाही. बारीक लोकर बाष्प तंतूच्या आत घेऊनही लवचिक राहते. आणि नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे तंतू पाणी न शोषता ते बाहेरच्या बाजूस वाहून नेतात. दुहेरी विणीच्या मोज्यात सरकणे दोन थरांमध्ये होते आणि त्वचा बचावते. ज्यांना बोटांच्या बेचक्यांत फोड येतात त्यांच्यासाठी पाचही बोटे स्वतंत्र असलेले मोजे निघाले आहेत. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, तलाव भरत असताना रस्ते अहोरात्र ओले असतात तेव्हा, पातळ लोकरीचा किंवा कृत्रिम तंतूंचा, बोटांवर जाड शिवण नसलेला मोजा, त्याखाली टाचेला व करंगळीच्या कडेला चोळलेले व्हॅसलीन, आणि आलटून पालटून घालण्यास बुटांचे दोन जोड, म्हणजे आदल्या दिवशीच्या भिजलेल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून तो वाळत ठेवता येतो, एवढी तजवीज भोपाळच्या धावणाऱ्याला पुरते.